आईने पदर घेतला नाही

तो शॉट मी काढला होता. मित्राने नाही, मी.

एवढं एक वाक्य आजपर्यंत कुणापुढे बोललेलो नाही. बायकोपुढे नाही, बहिणीपुढे नाही. ज्यांच्यापुढे बोलायलाच हवं होतं ते माझे वडील गेल्या थंडीत गेले. आता लिहायला बसलोय ते धीर आला म्हणून नव्हे. ज्याची भीती होती तो माणूस उरला नाही, म्हणून. तेव्हा यातही माझी काही बहादुरी नाही.

शॉट कसला ते आधी सांगतो. सिन्नरजवळच्या आमच्या गावात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं. लेक सासरी गेल्यावर, मांडव सोडला जात असताना, माझे आई-वडील तिथे कसे बसले होते याचं काही मिनिटांचं चित्रण. बस, एवढंच. पण त्यामुळे आमच्या घरातलं आणि आणखी एका घरातलं जे मोडलं ते अजून सांधलेलं नाही.

तेव्हा व्हीएचएस कॅसेटचे दिवस होते. मी आणि माझा मित्र भागीदारीत लग्नाचं शूटिंग करायचो. खांदा दुखेल असा जड कॅमेरा, त्याच्यामागे लांबच लांब वायर, आणि सनगन, म्हणजे तो डोळ्यांपुढे अंधारी आणणारा दिवा. नवरा-नवरी त्या दिव्याने घामाघूम व्हायची आणि कॅसेटमध्ये लोकांना वाटायचं, किती तेज आलंय चेहऱ्यावर! खेड्यात आम्ही शिरलो की ‘शूटिंगवाले आले, शूटिंगवाले आले’ अशी ओरड व्हायची. पुरुष टोप्या सरळ करायचे. पंगतीतली माणसं घास हातात धरून थांबायची. आणि बायका डोक्यावर पदर घ्यायच्या. परका पुरुष समोर आला की घेतात तसाच. कॅमेरा म्हणजे त्यांच्या लेखी परका पुरुषच होता, आणि तेही काही चुकीचं नव्हतं.

मग आठ-पंधरा दिवस मिक्सिंग. बदामाच्या आकारात नवरी, फुलणाऱ्या कमळात नवरा, नावं गोल फिरत येणार. ते काम माझं. मित्राला त्याचा कंटाळा होता.

तो नाशकातल्या एका कॉलनीतला, बौद्ध घरातला. वडील कारकून. चित्रकलेच्या कॉलेजात दोन वर्षं जाऊन त्याने ते सोडलं होतं; का, ते त्याने कधी धड सांगितलं नाही. वाचायचा खूप. कुठून कुठून जुनी इंग्रजी मासिकं आणायचा आणि मला सांगायचा, परदेशात लोक व्हिडिओ कॅमेऱ्याने चित्रकारासारखं काम करतात, गोष्ट नाही, गाणं नाही, नुसतं बघणं.

“म्हणजे कोण बघतं ते?” मी विचारायचो.

“तू बघतोस ना रोज? मिक्सिंग करताना? पुढे ढकलून टाकतोस ते सगळं.”

त्याचं म्हणणं असं की सिनेमावाल्याला रीळ महाग, म्हणून तो थांबू शकत नाही. आपल्याकडे तीन तासांची कॅसेट आहे, पुसून परत वापरता येते. आपल्याला थांबणं परवडतं. “फोटोसाठी माणूस तयार होतो रे. पण व्हिडिओ चालूच राहिला की कंटाळतो. आणि कंटाळला की खरा दिसायला लागतो.”

म्हणून प्रत्येक लग्नात, सगळं आटोपल्यावर, तो कॅमेरा स्टँडवर लावायचा आणि मांडव सोडताना काढायचा. कॅमेरा हलवायचा नाही, काही जवळ ओढायचं नाही. कापडं खाली येतात, बांबू सुटतात, खुर्च्या मिटतात, कुणी विसरलेली चप्पल शोधत येतं, एखादा म्हातारा गादीवर झोपून राहिलेला असतो आणि त्याच्या आजूबाजूचं लग्न नाहीसं होत जातं. यजमान म्हणायचे, “अहो, काय काढता? संपलं ना लग्न!” हा म्हणायचा, “तुमचं संपलं काका, आमचं आता सुरू झालं.” यजमान माझ्याकडे बघायचे. मी खांदे उडवायचो.

सुरुवातीला मी हसायचो त्याला. मग कधीतरी त्या कॅसेटी आमच्या नाशकातल्या दुकानात एकटा बसून बघायला लागलो. त्याला सांगितलं नाही.

बहिणीच्या लग्नात कॅमेरा अर्थातच त्याच्याकडे. मी नवरीचा भाऊ, मला कान पिळायचा मान होता आणि वाढप्यांवर ओरडायचं काम. म्हणून गावाने दिवसभर त्यालाच कॅमेऱ्यासोबत पाहिलं. सगळे त्याला ‘शूटिंगवाले पाव्हणे’ म्हणत होते. नवरदेव घोटीचा, तांदळाच्या व्यापारातलं घर. माणसं तालेवार. आमच्या नानांना, म्हणजे वडिलांना, त्याचा ताण होता, पण त्यांनी तो दिसू दिला नाही. नाना तसे होतेच. भाऊबंदकीत भांडण लागलं की लोक नानांना बोलवायचे. त्यांनी आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. चढवायची गरज पडायची नाही.

जीप घोटीच्या रस्त्याला लागली. धूळ बसली. मित्राने कॅमेरा स्टँडवर लावला आणि मला हाक मारली. शूटिंगवाले, बँडवाले, मंडपवाले हे नेहमीच शेवटच्या पंगतीला.

“धर जरा, जेवून येतो. मांडव सुटायला लागला की बटण दाब. आणि काही झालं तरी हलवू नको.”

मी बटण दाबलं आणि डोळा लावून उभा राहिलो.

मांडवाच्या मधोमध दोन लोखंडी खुर्च्यांवर आई आणि नाना. आईने ताटात थोडं काहीतरी आणलं होतं, कारण सकाळपासून नानांच्या पोटात काही नव्हतं. त्यांनी एक घास घेतला. चावायला लागले. चावता चावता तोंड वाकडं झालं. मला वाटलं मिरची लागली. मग लक्षात आलं. घास तोंडात तसाच होता आणि नाना रडत होते. आवाज नाही, नुसते खांदे. नाक गळायला लागलं तेव्हा आईने पदराचं टोक ओढलं, हनुवटी धरून त्यांचं नाक पुसलं, लहान पोराचं पुसतात तसं. टोक ओढताना तिच्या डोक्यावरचा पदर घसरला. आणि तेव्हाच तिने कॅमेऱ्याकडे बघितलं.

सरळ बघितलं. दिवसभर मित्राचा कॅमेरा वळला की ती चटकन पदर वर घेत होती. आता घेतला नाही. बघितलं, आणि परत नानांकडे वळली. नानांनी कॅमेऱ्याकडे एकदाही बघितलं नाही.

मंडपवाले खुर्च्या गोळा करत जवळ आले. “नाना, जरा सरका की.” दोघं उठले, थोडं बाजूला खुर्च्या ओढून पुन्हा बसले. वरचं कापड सुटलं आणि त्यांच्या अंगावर एकदम ऊन आलं. “नाना, तेवढं तिकडं...” पुन्हा सरकले. शेवटी सगळ्या खुर्च्या टेम्पोत गेल्या, या दोनच राहिल्या. मंडपवाल्याला मागायची लाज वाटत होती. बिडी काढत होता, परत खिशात ठेवत होता. तेव्हा नाना स्वतःच उठले, दोन्ही खुर्च्या मिटून त्याच्या हातात दिल्या, आणि कापडाचं एक टोक धरून त्याला घडी घालू लागले. तोंडातला घास अजून होताच. मला दिसत होता.

मित्र जेवून आला तेव्हा मी म्हणालो, “घेतलंय थोडं.”

त्याने दुकानात ती कॅसेट बघितली आणि आई बघते तिथे थांबवली. चित्र थरथरत उभं राहिलं. मागे नेलं, पुन्हा लावलं. मग म्हणाला, “कळलं का तुला? ती कॅमेऱ्याकडे नाही बघत. तुझ्याकडे बघतेय. मागे मी असतो तर पदर वर गेला असता. हा शॉट मला जन्मात मिळाला नसता, लेका.”

माझ्या कामाचं कुणी असं कौतुक त्याआधी केलं नव्हतं, नंतरही नाही.

त्याला तो त्याच्या मांडवांच्या मालिकेत हवा होता. मुंबईत कुणीतरी दाखवायला जागा देत होतं. मी दोन दिवस घेतले आणि हो म्हणालो.

“तुझं नाव टाकतो,” तो म्हणाला.

“नको. नानांना कळलं तर मारतील. आणि इथे नाशकात दाखवायचं नाही. मुंबईत काय करायचं ते कर.”

“नाही दाखवत.”

“नक्की?”

“अरे, आपल्यात आता शपथा घ्यायच्या का?”

मुंबईत त्याचं नाव झालं. पेपरात दोन ओळी आल्या, त्याने दुकानात येऊन वाचून दाखवल्या. त्यात आई-वडिलांच्या शॉटचाच उल्लेख होता. मीच नाव नको म्हटलं होतं, आणि मलाच त्या दोन ओळींत माझं नाव नाही याचा राग आला. कुणाला सांगणार असा राग?

वर्षभराने बहिणीच्या मुलाचं बारसं आमच्या अंगणात होतं. घोटीची मंडळी आलेली. पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटल्या, पुरुष बाहेर सुपारी कातरत बसले. माझ्या आत्याचे यजमान नाशकात शिक्षक होते. त्यांना सभेत बोलायची सवय. ते म्हणाले, “नाना, तुम्ही तर टीव्हीवर आलात की!”

“मी?”

“अहो, परवा नाशकात एका हॉलपाशी गर्दी दिसली. आत बघतो तर टेबलांवर टीव्ही मांडलेले. म्हटलं, एक्सचेंज ऑफर लागली. आपला जुना देऊन टाकू.”

“मग घेतला का?” कुणीतरी विचारलं.

“घेतो कसला! एका टीव्हीवर नुसते बांबू काढतायत. दुसऱ्यावर बांबू. म्हटलं, मंडपवाल्याची जाहिरात दिसते. आणि तिसऱ्यात आमचे नाना! तोंडात घास, आणि...” त्यांनी तोंड वाकडं करून दाखवलं. “वहिनी आपल्या नाक पुसतायत!”

अंगण हसलं. घोटीचे व्याही म्हणाले, “व्याही, सांगायचं ना. आठ दिवसांनी परत धाडली असती लेक.” मागून एकजण ओरडला, “अरे, नानांना आहेरात रुमाल द्या रे!”

नाना पण हसले. सुपारी कातरत होते, कातरतच राहिले. कातरून झाली तरी अडकित्ता वाजत होता.

पुढे कित्येक वर्षं कुठल्याही पंगतीत नाना बसले की कुणीतरी म्हणायचंच, “नाना, घास सांभाळून.” त्या साली ते गावच्या विकास सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहणार होते. राहिले नाहीत. भांडणं मिटवायला त्यांना बोलावणं कमी होत गेलं. पंचाला नाक पुसताना पाहिल्यावर कोण त्याचं ऐकणार, असं आमच्याकडचं गणित.

पाहुणे गेल्यावर नानांनी मला चुलीपाशी बोलावलं. आई भांडी घासत होती.

“कुनी काढलं ते?”

मित्राने मला शब्द दिला होता. तो मोडला होता. आणि मला सांगितलंही नव्हतं. मला माझ्याच अंगणात, आत्याच्या यजमानांच्या तोंडून कळलं. माझ्या डोक्यात त्या क्षणी तेवढंच होतं, हे मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. डोक्यात भीती होती. राग हाताशी होता, म्हणून तो पुढे केला.

“मला काय माहीत, नाना,” मी म्हणालो. “कॅमेरा तर दिवसभर त्याच्याकडंच होता.”

आईचा घासणारा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

नानांनी कपाटातून लग्नाची कॅसेट काढली आणि चुलीत घातली. प्लास्टिकचा वास घरात दोन दिवस होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, “चल. त्याचं घर दाखव.” सिन्नरहून एसटीने नाशिक, पुढे चालत. कॉलनीत त्याच्या दारापाशी आल्यावर नानांनी चप्पल काढली नाही. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. मी त्यांच्या मागे.

मित्र बाहेर आला. आम्हाला बघून आधी त्याला आनंद झाला, हे मला स्पष्ट आठवतं. “नाना! या ना, आत या.” त्याची आई पाण्याचे दोन पेले घेऊन आली.

नाना म्हणाले, “तू काढलं का ते आमचं?”

त्याने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं असेल, किंवा मला तसं वाटलं. मी पायाखालच्या फरशीकडे बघत होतो.

“हो, नाना,” तो म्हणाला. “चुकलं माझं.”

मग नाना बोलले. ज्या माणसाने आयुष्यात आवाज चढवला नाही त्याने तेव्हाही चढवला नाही. शांतपणे म्हणाले, “घरात घेतलं तुला. बायकापोरांत वावरू दिलं. पोराचा दोस्त म्हनून काय कमी केलं नाय. शेवटी जातीवर गेलाच ना?”

आत फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती होती, तिच्यापुढे ताजी फुलं. त्याचे वडील खुर्चीतून अर्धवट उठले आणि तसेच राहिले. मित्राचा चेहरा कसा झाला ते मी लिहू शकत नाही, कारण मी पाहिला नाही.

नानांनी पाणी घेतलं नाही. त्याच्या आईने दुसरा पेला माझ्यापुढे धरला. “बाळा, तू तरी घे.” मी पेला घेतला आणि पाणी प्यायलो. सगळं. तहान लागली होती. तिथे उभं राहून, ते ऐकून, मी पाणी प्यायलो, आणि रिकामा पेला परत देताना मला ‘नाना, तो नाही, मी’ एवढे चार शब्द सुचले नाहीत. सुचले होते. खोटं कशाला लिहू?

महिन्याने तो दुकानात आला, त्याच्या बॅटऱ्या आणि स्टँड न्यायला. आमची भागीदारी संपली हे कुणी बोललं नाही, पण संपली होती. मीच आधी तोंड उघडलं. माझ्याकडे एवढा एकच बाण होता.

“नाशकात दाखवणार नाही म्हणाला होतास.”

“हो,” तो म्हणाला. “मुंबईत लोक त्याच्यापुढे पेले घेऊन उभे होते. छान, छान म्हणत होते. मला वाटलं, आपल्या माणसांनी बघावं. आपल्याच माणसाला कळेल ते. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, म्हणून नाही विचारलं. तो दगाच. माझा.” मग स्टँडचे पाय आवळत म्हणाला, “बाकीचा तुझा.”

“मग हो का म्हणालास? सांगायचं ना, मी नाही म्हणून.”

“तुला परत त्याच घरात जेवायचं होतं,” तो म्हणाला. “आणि मला वाटलं, तू बोलशील. एक-दोन श्वास थांबलो होतो ना मी.”

तो मुंबईला गेला, तिथून आणखी कुठे कुठे. आता त्याची कामं अंधाऱ्या खोल्यांत भिंतभर लावतात, माणसं जमिनीवर बसून बघतात. कॉलेजात शिकवतात म्हणे त्याच्यावर. मी नाशकातच राहिलो. कॅसेट गेली, लहान टेप आली, मग कार्ड आलं, ड्रोन आला. इंदिरानगरमध्ये माझा स्टुडिओ आहे. बरा चालतो.

आणि या धंद्यात आता काय मागतात, ते सांगतो. पाठवणीचा शॉट. बापाचा. गेल्या हंगामात एका नवरीने ठरवतानाच सांगितलं, “सर, पप्पा रडतानाचा क्लोजअप मस्ट आहे हं. स्लो मोशनमध्ये. रीलला तोच लावणार.” बाप शेजारीच बसलेले. ते म्हणाले, “मला येईल का पण रडू?” नवरी म्हणाली, “पप्पा, प्लीज!” सगळे हसलो. लग्नात ते छान रडले. एकदा नीट आलं नाही म्हणून माझ्या असिस्टंटने त्यांना थोडं पुढे यायला सांगितलं, आणि ते आले, आणि पुन्हा रडले. माझा मित्र म्हणायचा, माणूस कंटाळला की खरा दिसतो. आता कुणी कंटाळतच नाही. कॅमेरा खिशातच असतो; सगळे कायम तयार.

ज्या गोष्टीपायी माझ्या बापाला गावाने पंगतीतून उठवल्यासारखं केलं, ती मी आता पॅकेजमध्ये देतो.

आईने मला एकदाच विचारलं. विचारलं असंही नाही. स्टुडिओ नवा होता, ती इथे राहायला आली होती, गॅलरीत मेथी निवडत बसली होती. म्हणाली, “तुझा तो दोस्त येतो का रे कधी?”

“नाही.”

“जेवायला बोलव त्याला.” थोड्या वेळाने म्हणाली, “मी तुझ्याकडंच पाह्यलं होतं त्या दिवशी.”

मग विचारलं, “नानांना का नाही सांगितलंस?”

“एक लेकरू त्या दिवशी गेलंच होतं,” ती म्हणाली. “दुसरं पन घालवू का?” आणि काड्या वेगळ्या, पानं वेगळी करत राहिली. तिने माझ्यासाठी नानांशी प्रतारणा केली होती, उभा जन्म, आणि ती मेथी निवडत सांगत होती.

आई गेली तेव्हा मित्राचा मोबाइलवर निरोप आला. नंबर त्याने कुठून मिळवला माहीत नाही. ‘आई गेल्याचं कळलं. तो शॉट माझ्याकडे नीट जपलेला आहे. हवा असेल तर सांग, लगेच पाठवतो.’ मी वाचला. उत्तर दिलं नाही.

आईनंतर नाना माझ्याकडे आले. दुपारी स्टुडिओत येऊन माझ्यामागे खुर्चीत बसायचे. एकदा पडद्यावर पाठवणी चालू होती, कुणाचा तरी बाप स्लो मोशनमध्ये रडत होता. नाना बराच वेळ बघत राहिले.

“हे पैसे देऊन काढून घेत्यात?”

“हो नाना.”

“आन् लोक हसत नाय?”

“नाही. लाइक करतात.”

नानांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. मग म्हणाले, “आपलं ते व्हतं ना. त्यात तुझी आई हाय.”

माझा माऊसवरचा हात थांबला, जसा त्या दिवशी आईचा थांबला होता.

“मी ते कधी पाह्यलंच नाय,” नाना म्हणाले. “नुसतं ऐकलं. घरातली कॅसेट मीच जाळली. तिचे फोटो हायेत, पन त्यात ती लाकडावानी उभी ऱ्हाते. त्यात हलत असंल ना?”

“हो.”

“मला बघायचंय. आन् त्या पोराला बोलव. मी त्याच्या दारात लय वंगाळ बोललो. त्याच्या आईबापासमोर. ते मला तोंडावर माघारी घ्यायचंय. फोनवर नाय. तोंडावर.”

माझ्या खिशातल्या मोबाइलमध्ये त्याचा निरोप होता. ‘हो, पाठव’ एवढं लिहायचं होतं. पण शॉट आला असता तर नानांनी आईला बघितलं असतं, तिची कॅमेऱ्याकडची नजर बघितली असती, उघडं डोकं बघितलं असतं. नानांना व्हिडिओतलं काही कळत नव्हतं, पण त्यांची बायको कुणापुढे पदर घेते आणि कुणापुढे नाही, हे कळायला काही शिकावं लागत नव्हतं.

“तो परदेशात असतो, नाना,” मी म्हणालो. “नंबर लागत नाही त्याचा.”

“बघ जरा.”

“बघतो.”

त्यांनी पुन्हा विचारलं, आणि पुन्हा. दर आठ-पंधरा दिवसांनी, जेवताना, औषध घेताना. “लागला का नंबर?” मी नाही म्हणायचो. कधी कधी त्यांच्यासमोर फोन कानाला लावून थांबायचो, आणि मान हलवायचो. पहिल्यांदा मी घाबरून खोटं बोललो होतो; तरुण होतो, म्हणून सोडून देता येईल. हे मात्र मी माझ्या मुलांची लग्नाची वयं झाल्यावर केलं, शुद्धीत, एका म्हाताऱ्या माणसासमोर बंद फोन कानाला लावून.

दवाखान्यात शेवटी ते फार बोलत नव्हते. एकदा माझं मनगट धरलं आणि म्हणाले, “मी नसलो तर तू सांग त्याला. माझ्या वतीनं. दारात जाऊन सांग. आत नको बसू आधी. दारातच सांग.”

मी हो म्हणालो. त्यांनी विश्वास ठेवला. माझ्यावर सगळ्यांनी ठेवला, हीच तर अडचण आहे.

मित्राचे वडील गेले. आई अजून त्याच कॉलनीत, त्याच घरात राहते. स्टुडिओपासून स्कूटरने फार लांब नाही. तो सुट्टीत येतो तेव्हा तिथेच उतरतो, आताही आलेला आहे असं ऐकतो. मी दोनदा त्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन वळलो. त्याचा निरोप मोबाइलमध्ये अजून तसाच आहे, बिनउत्तराचा. शॉट मी मागितलेला नाही. आधी हे व्हायला हवं.

त्या दारात उभं राहून, त्याच्या आईला ऐकू जाईल असं मोठ्याने, कॅमेऱ्यामागे मी होतो हे सांगणं, आणि मग नानांनी माझ्याकडे दिलेली माफी त्याला पोचवणं. एवढं माझं देणं आहे. ते मी अजून दिलेलं नाही.